नोंद पुढे सरकते कशी? : ऊस नोंदीचे टप्पे आणि सभासदांचे हित



गळीत हंगाम तोंडावर आला की गट कार्यालयात एक प्रश्न हमखास ऐकू येतो. “साहेब, माझी नोंद कॉम्प्युटरात आहे ना? मग तोड का येत नाही?” विचारणारा सभासद खोटे बोलत नसतो. त्याची नोंद खरोखरच असते. पण नोंद असणे ही एक गोष्ट आणि ती नोंद योग्य टप्प्यावर असणे ही दुसरी गोष्ट. हा फरक नीट समजला नाही म्हणजे नसत्या शंका निर्माण होतात, कर्मचाऱ्यांशी वादावादी होते, आणि कधी कधी चांगला पिकलेला ऊस फडात उभा राहून वाळतो. म्हणून या अंकात नोंदीचे टप्पे, ते बदलण्याचे नियम आणि त्यात सभासदाने काय पाहावे, याची माहिती देत आहे.

टप्पा म्हणजे काय?

पूर्वी नोंदवहीत नाव, गट नंबर, क्षेत्र, जात आणि लागणीची तारीख लिहिली की काम संपत असे. पुढे त्या नोंदीचे काय झाले हे वहीवरून कळत नसे. ते चिटबॉयच्या डोक्यात असे. गुणवत्ता व्यवस्थापनाच्या संगणक प्रणालीत तसे चालत नाही. तेथे प्रत्येक नोंदीला एक टप्पा असतो, आणि कोणत्याही क्षणी नोंद एकाच टप्प्यावर असते. आपल्या ऊस नोंदीचे मुख्य टप्पे असे :

१) दाखल. सभासदाने लागणीची माहिती दिली.
२) पाहणी झाली. शेतकी कर्मचाऱ्याने प्लॉटवर जाऊन क्षेत्र, जात, लागण तारीख व हंगाम तपासला.
३) मंजूर. गट अधिकाऱ्याने पाहणी आणि कागदपत्रे पडताळून मान्यता दिली.
४) पक्वता तपासली. रसाचा ब्रिक्स घेऊन ऊस तोडणीयोग्य झाल्याची खात्री केली.
५) तोडणी कार्यक्रमात. पाळी लागली, तोडणी चिठ्ठी निघण्यास पात्र.
६) तोड व वजन चालू. टोळी फडात आहे, वाहने काट्यावर येत आहेत.
७) बंद. प्लॉट संपला, टनेज आणि हिशेब जुळला.

या सरळ वाटेखेरीज तीन बाजूच्या वाटा आहेत. माहिती अपुरी असेल तर नोंद ‘परत’ जाते. काही कारणाने थांबवावी लागली तर ‘स्थगित’ होते. एकाच प्लॉटची दोनदा नोंद झाली असेल किंवा ऊस मोडला असेल तर ती ‘रद्द’ होते.

आता वरच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. ज्याची नोंद ‘दाखल’ टप्प्यावरच अडकली आहे त्याचा ऊस कितीही पिकलेला असो, तोडणीच्या यादीत तो दिसणारच नाही. यादी पाचव्या टप्प्यावरच्या नोंदींतून निघते. तेव्हा “नोंद आहे का?” असे न विचारता “नोंद कोणत्या टप्प्यावर आहे, आणि पुढे जायला काय बाकी आहे?” असे विचारावे.

टप्पा बदलण्याचे चार नियम

नोंद एका टप्प्यावरून दुसऱ्यावर नेणे हे बटण दाबण्याइतके सोपे दिसते. खरे तर त्या बटणामागे चार गोष्टी असाव्या लागतात.

पहिली गोष्ट, पुरावा. प्रत्येक बदलाला काहीतरी आधार हवा. पाहणीसाठी प्लॉटची मोजणी, पक्वतेसाठी ब्रिक्सचे आकडे, वजनासाठी काट्याची पावती. हे रकाने रिकामे असतील तर प्रणालीने नोंद पुढे जाऊ देता कामा नये. पण रकाना भरला म्हणजे काम झाले असेही नाही. बांधावरून नजर टाकून क्षेत्र भरले तरी रकाना भरतोच. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

दुसरी गोष्ट, अधिकार. ज्याने पाहणी केली त्यानेच मंजुरी द्यायची नाही. दोन डोळ्यांपेक्षा चार डोळे बरे, एवढाच त्याचा अर्थ. म्हणूनच एकाचा पासवर्ड दुसऱ्याने वापरणे ही किरकोळ बाब मानू नये. कामाच्या घाईत “माझ्या नावाने तूच टाकून दे” असे म्हटले की चार डोळ्यांचे पुन्हा दोन होतात, आणि कागदावर मात्र चारच दिसतात.

तिसरी गोष्ट, तारीख, वेळ आणि नाव. कोणी, केव्हा, कोणत्या टप्प्यावरून कोणत्या टप्प्यावर नोंद नेली, हे कायम राहिले पाहिजे. जुन्या नोंदवहीतही चांगला कारकून चूक खोडून काढीत नसे. चुकीच्या आकड्यावर एक रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी तारखेसह सही करायची, म्हणजे खालचा आकडाही वाचता येतो. संगणकातही तेच. आधीची माहिती पुसून नवी लिहिली तर ती दुरुस्ती नव्हे, ती लपवाछपवी.

चौथी गोष्ट, परतीची वाट. नोंद मागे नेता आली पाहिजे, पण कारण लिहून. समजा, मंजूर झालेल्या एक एकर प्लॉटमधला अर्धा ऊस सभासदाने बेण्यासाठी दिला. आता एक एकराची मंजुरी खरी राहिली नाही. अशा वेळी तिसऱ्या टप्प्यावर बसून नुसता क्षेत्राचा आकडा बदलायचा नाही. नोंद पुन्हा दुसऱ्या टप्प्यावर न्यायची, प्लॉट मोजायचा आणि मग मंजुरी घ्यायची. कारण त्या क्षेत्रावर टनेजचा अंदाज आहे, अंदाजावर टोळी आणि वाहनांचे नियोजन आहे. पाया हलला की वरचे सगळे पुन्हा तपासावे लागते.

पाण्यात म्हैस, बाहेर मोल

या सगळ्यातला मुख्य मुद्दा एकच आहे. शेतात काम झाले म्हणून नोंद पुढे सरकते. नोंद पुढे सरकवल्याने शेतात काम होत नाही. काम होण्याआधीच टप्पा बदलणे म्हणजे म्हैस पाण्यात असताना तिचे मोल करणे.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका प्लॉटवर को ८६०३२ या जातीची लागण २० नोव्हेंबर २०२४ रोजी झाली. हा पूर्वहंगामी ऊस. तो साधारण १४ ते १५ महिन्यांनी, म्हणजे २०२६ च्या जानेवारी अखेरीपासून फेब्रुवारी अखेरीपर्यंत तोडणीला यावा. पण लवकर पाळी मिळावी म्हणून लागण तारीख २० ऑगस्ट २०२४ अशी लिहिली, म्हणजे आडसाली दाखवली. पाहणीस गेलेल्याने फड न पाहता ‘पाहणी झाली’ असे केले, वरच्याने त्यावर विसंबून मंजुरी दिली. संगणकाच्या हिशेबाने २० डिसेंबर २०२५ रोजी या उसाला १६ महिने पूर्ण झाले. फडातल्या उसाला मात्र झाले होते १३.

आता चौथा टप्पा प्रामाणिकपणे पार पडला तर ही लबाडी तेथे उघडी पडते. पक्व नसलेल्या उसाची खालची कांडी गोड आणि शेंड्याकडची कांडी अळणी असते. ऊस जसा पिकतो तसा हा फरक कमी होत जातो. समजा, रिफ्रॅक्टोमीटरवर खालच्या कांडीचा ब्रिक्स २१, मधल्याचा १९ आणि वरच्याचा १५ आला, तर हा ऊस थांबला पाहिजे हे शेंबडे पोरही सांगेल. पण ब्रिक्स न घेताच शेजारच्या प्लॉटचे आकडे भरले, तर टोळी कोवळ्या उसात शिरते. त्याच वेळी खरा १६ महिन्यांचा आडसाली ऊस एका पाळीने मागे पडतो. त्याला तुरा येतो, दशी पडते, वजन घटते.

नुकसान एकट्याचे नसते

कोणी म्हणेल, “त्याचा ऊस कोवळा तुटला, वजन त्याचे गेले, आपल्याला काय?” येथेच खरी मेख आहे. उसाचा रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, प्रत्येकाच्या उसाच्या गोडीवर वेगवेगळा ठरत नाही. तो कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के मूळ उताऱ्याला टनास ३,५५० रुपये दर ठरविला. उतारा ०.१ टक्क्याने वाढला की टनामागे ३४ रुपये ६० पैसे वाढ, आणि घटला की तेवढीच घट. साडेनऊ टक्के किंवा त्याखालील उताऱ्याला टनास ३,२९० रुपये ५० पैसे.

आता हिशेब करा. सरासरी उतारा ०.१ टक्क्याने घसरला तर ८० टन ऊस घालणाऱ्या सभासदाच्या बिलात २,७६८ रुपये कमी येतात. त्याने स्वतः काहीही गैर केलेले नसते. त्याचा ऊस वेळेवर लागलेला, वेळेवर तुटलेला. तरीही कोणाच्या तरी कोवळ्या उसाचा भार त्याच्या पदरात पडतो. एका प्लॉटने सरासरी हलत नाही हे खरे. पण “माझी एकट्याची नोंद पुढे घ्या” असे म्हणणारे एकटे कधीच नसतात.

घाईची दोन ठिकाणे

अनुभवाने सांगतो, नोंदी चुकीच्या टप्प्यावर जाण्याची दोन मुख्य ठिकाणे आहेत.

एक म्हणजे ढिगाने टप्पा बदलणे. दिवसभर काम साचते. संध्याकाळी यादी उघडली जाते, सगळ्या नोंदींसमोर खूण केली जाते आणि एका बोटाने पन्नास नोंदी पुढे जातात. वजन झालेल्या खेपांसाठी हे ठीक आहे, कारण प्रत्येक खेपेची पावती काट्यानेच दिलेली असते. पण पाहणी आणि पक्वता यांच्यासाठी ही पद्धत बंदच हवी. पन्नास प्लॉट एका मिनिटात पाहून होत नाहीत, आणि नोंदींच्या वेळेवरून ते नंतर सहज ओळखता येते. सगळ्या पन्नास पाहण्यांची वेळ सायंकाळी सात वाजून दहा मिनिटे असेल, तर त्या पाहण्या फडात झालेल्या नाहीत हे सांगायला ज्योतिषी नको.

दुसरे ठिकाण म्हणजे तातडीची तोड. उसाला आग लागली तर तो पाळीची वाट पाहू शकत नाही. जळालेल्या उसात साखरेचा नाश झपाट्याने होतो. तेव्हा टप्पे ओलांडावेच लागतात. पण त्यासाठी कुंपणाला भोक पाडायचे नाही, कुंपणात दार ठेवायचे. प्रणालीत ‘तातडीची तोड’ असा स्वतंत्र टप्पा असावा, त्यासाठी कारण आणि दोन अधिकाऱ्यांची मान्यता लागावी, आणि हंगाम संपल्यावर अशा सगळ्या नोंदी वाचल्या जाव्यात. दाराने किती जण गेले हे मोजता येते, भोकातून गेलेले मोजता येत नाहीत.

तक्रारीची नोंदही याच वाटेने

जे ऊस नोंदीचे, तेच तक्रारीच्या नोंदीचे. आयएसओ ९००१ हे गुणवत्ता व्यवस्थापनाचे आंतरराष्ट्रीय मानक १९८७ साली प्रथम प्रसिद्ध झाले. त्याच्या २०१५ च्या आवृत्तीत त्रुटीबाबत काय करावे याचा क्रम दिलेला आहे. त्रुटी आटोक्यात आणा, तिचे कारण शोधा, ती पुन्हा होणार नाही असा उपाय करा, त्या उपायाचा परिणाम झाला का ते पाहा, आणि याची लेखी नोंद ठेवा. म्हणजे तक्रारीचेही टप्पे झाले : नोंदवली, तात्पुरता उपाय, कारणशोध, कायम उपाय, परिणामाची तपासणी आणि मग बंद.

यात सर्वांत जास्त चूक शेवटी होते. समजा, एका सभासदाने तक्रार केली की तोडलेला ऊस दोन दिवस फडात पडून राहिला. ट्रॅक्टर पाठवला, ऊस उचलला, तक्रार ‘बंद’. हे बरोबर आहे का? नाही. हा झाला तात्पुरता उपाय. तोडलेला ऊस शक्य तो २४ तासांत गव्हाणीत पडावा, हे आपल्याला माहीत आहे. मग तो दोन दिवस का पडला? वाहन बंद पडले होते, की वाहन मोकळे आहे का हे न पाहताच चिठ्ठी दिली होती? चिठ्ठी आधी दिली हे कारण निघाले, तर चिठ्ठी देण्याची पद्धत बदलली पाहिजे. आणि बदलल्यावर पुढचे दोन आठवडे त्या गटात ऊस पडून राहतो का ते पाहिले पाहिजे. तो राहत नाही असे दिसले, की मग बंद.

“किती तक्रारी बंद केल्या?” एवढेच वरून विचारले जाऊ लागले, तर खालचा माणूस तक्रारी बंद करतो, त्रुटी नव्हे. म्हणून बंद झालेल्या तक्रारींपैकी तीच तक्रार त्याच गटातून पुन्हा किती वेळा आली, हेही विचारले पाहिजे. सर्वसाधारण सभेत सभासदांनी विचारावा असा हा प्रश्न आहे.

काही शंका आणि त्यांची उत्तरे

शंका : माझी नोंद ‘परत’ आली. म्हणजे नाकारली का?
उत्तर : नाही. परत येणे म्हणजे नकार नव्हे. काही अपुरे आहे एवढाच त्याचा अर्थ. सात-बारावरील क्षेत्र आणि मोजलेले क्षेत्र जुळत नसेल, वारसनोंद बाकी असेल, जातीचे नाव चुकले असेल. परत येताना कारण लिहिलेले असलेच पाहिजे. कारण लिहिलेले नसेल तर ते मागून घ्या.

शंका : ऊस तुटला, आता खोडवा ठेवला आहे. जुनीच नोंद पुन्हा उघडायची का?
उत्तर : नको. लागणीची नोंद बंदच राहू द्यावी. खोडव्याची नवी नोंद करावी आणि तिला जुन्या नोंदीचा क्रमांक जोडावा. जुनी नोंद उघडली तर लागणीचे टनेज आणि खोडव्याचे टनेज यांची सरमिसळ होते. तसेच खोडव्याचे वय मागील तोडणीच्या तारखेपासून मोजायचे असते, लागणीच्या तारखेपासून नव्हे.

शंका : वजन झाल्याची तारीख एक-दोन दिवस पुढे-मागे पडली तर बिघडले कोठे?
उत्तर : बिघडते. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर, ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत त्याचे पैसे द्यावयाचे असतात, आणि उशीर झाल्यास त्या मुदतीपुढे वार्षिक १५ टक्के व्याज लागू होते. ही मुदत ऊस पोचल्याच्या तारखेपासून धावते, संगणकात टप्पा केव्हा बदलला त्यावरून नव्हे. म्हणून काट्याची पावती जपून ठेवा आणि त्यावरची तारीख नोंदीशी ताडून पाहा.

शंका : ओळखीच्या माणसाला सांगितले तर टप्पा लवकर बदलतो म्हणतात?
उत्तर : पाहणी बाकी असेल तर “पाहणीला या” असे जरूर सांगा, तो तुमचा हक्क आहे. “पाहणी न करता पुढे घ्या” असे मात्र सांगू नका. पहिल्याने नोंद पुढे जाते, दुसऱ्याने नोंद खोटी होते.

सभासदांनी लक्षात ठेवावयाच्या गोष्टी

१) लागण झाल्यावर लवकरात लवकर खरी तारीख देऊन नोंद दाखल करावी आणि नोंद क्रमांक लिहून घ्यावा.
२) पाहणीच्या वेळी स्वतः किंवा घरातील जाणत्या माणसाने प्लॉटवर हजर राहावे. मोजलेले क्षेत्र आणि लिहिलेली जात तेथेच वाचून घ्यावी, मगच सही करावी.
३) एकच ऊस दोन कारखान्यांकडे नोंदवू नये. त्यामुळे दोन्हीकडचे नियोजन कोलमडते.
४) बेणे दिले, ऊस मोडला, क्षेत्र विकले किंवा वाटणी झाली तर गट कार्यालयास लगेच लेखी कळवावे.
५) ब्रिक्स घेताना बांधाकडचा ऊस न देता प्लॉटच्या आतील निरनिराळ्या ठिकाणचे ऊस घ्यावेत. नुकतेच पाणी दिले असेल तर ते सांगावे.
६) हंगाम सुरू होण्यापूर्वी एकदा गट कार्यालयात जाऊन आपली नोंद कोणत्या टप्प्यावर आहे ते पाहावे. तोड थांबल्यावर धावपळ करण्यापेक्षा हे सोपे.
७) तक्रार ‘बंद’ झाल्याचे कळले आणि त्रास चालूच असेल, तर ती बंद मानू नये. जुना क्रमांक देऊन पुन्हा नोंदवावी.

मंडळी, सहकारात सगळ्यांचा माल एकाच गव्हाणीत पडतो आणि सगळ्यांचा दर एकाच उताऱ्यावर ठरतो. म्हणून एकाची खोटी नोंद ही त्याची खासगी बाब राहत नाही. आपली नोंद खरी ठेवणे आणि ती आपल्या डोळ्यांदेखत टप्प्याटप्प्याने पुढे जाते आहे ना हे पाहणे, हे खत-पाण्याइतकेच उसाचे काम आहे. ते सर्वांनी करावे, अशी विनंती आहे.

आपला,
ऊस विकास अधिकारी